स्वयंसेवेची डागडुजी

उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पाणपोई घालणे हे आपल्याकडे फार जुने पुण्यकर्म आहे. चैत्र लागला की झाडाच्या सावलीत रांजण मांडावा, त्याला ओले फडके गुंडाळावे, शेजारी ओगराळे ठेवावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची जात, गाव अथवा काम न विचारता पाणी द्यावे. या दानाचे कौतुक सारेच करतात. परंतु पाणपोईचे खरे काम ती मांडण्याच्या दिवशी संपत नाही; ते त्या दिवशी सुरू होते. रांजण रोज घासावा लागतो, पाणी रोज पालटावे लागते. न घासलेल्या रांजणातले पाणी पिऊन एखादा वाटसरू आजारी पडला, तर दात्याचा हेतू निर्मळ होता एवढ्याने त्याचा ताप उतरत नाही.

आज ज्या इतिहासाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो, तो अशाच एका पाणपोईचा आहे. ती पाण्याची नव्हे, संगणकांची आहे. एका गावाची नव्हे, अनेक देशांत पसरलेली आहे. तिचे नाव टॉर. तिचे रांजण घासण्याचे काम कोणी, कसे व कोणत्या अधिकाराने करावयाचे, या प्रश्नाशी तिचे चालक गेली वीस वर्षे झुंजत आहेत. सरकारी सेवेत जन्म घालविणाऱ्या आम्हां मंडळींना हा प्रश्न विशेष बोधप्रद वाटावा. कारण ज्या साधनांवर आमचा सारा कारभार चालतो, ती तेथे मुळातच नाहीत. हुकूम नाही, वेतन नाही, बढती नाही आणि कारणे दाखवा नोटीसही नाही.

या जाळ्याचा उगम मात्र सरकारी कचेरीतच झाला. १९९५ च्या सुमारास अमेरिकेच्या नाविक संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड गोल्डश्लॅग, मायकेल रीड व पॉल सायव्हरसन हे तिघे एका प्रश्नाचा विचार करीत होते. संदेश सांकेतिक लिपीत घातला, तर त्यातील मजकूर लपतो. परंतु कोणी कोणाशी बोलत आहे, हे काही लपत नाही. पाकीट बंद असले तरी त्यावरील पत्ता पोस्टमनास वाचता येतो, तशातलाच हा प्रकार. त्यावर त्यांनी काढलेला उपाय असा : संदेशाभोवती सांकेतिक लिपीची एकाआड एक आवरणे घालावयाची आणि तो अनेक संगणकांतून फिरवावयाचा. प्रत्येक संगणक आपल्यापुरते एक आवरण सोलतो व संदेश पुढे देतो. कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही रचना असल्यामुळे तिला कांद्याचेच नाव मिळाले. आज टॉरमधील सामान्य मार्ग तीन संगणकांचा असतो. पहिल्यास संदेश कोठून आला ते कळते, परंतु तो कोठे जाणार ते कळत नाही. तिसऱ्यास तो कोठे चालला ते कळते, परंतु कोठून आला ते कळत नाही. आणि मधल्यास या दोहोंपैकी काहीच कळत नाही.

येथे एक मौजेची अडचण उभी राहिली. असे जाळे केवळ आरमारच वापरू लागले, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश आरमाराचाच, हे शेंबड्या पोरासही ओळखता येईल. गर्दीत लपावयाचे तर आधी गर्दी हवी. म्हणून हे जाळे सर्वांसाठी खुले असणे भागच होते. प्रयोगशाळेतील सायव्हरसन, आणि मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेतून बाहेर पडलेले रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन यांनी पुढे हे काम हाती घेतले. ऑक्टोबर २००२ मध्ये जाळे प्रथम सुरू झाले आणि त्याचा आराखडा व आज्ञावली जगाला मोकळी करण्यात आली. २००३ च्या अखेरीस त्यात स्वयंसेवकांचे जेमतेम डझनभर संगणक होते. बहुतेक अमेरिकेत व एक जर्मनीत. २००६ मध्ये टॉर प्रकल्प ही ना-नफा संस्था स्थापन झाली. पुढे या डझनाचे सहा हजारांहून अधिक झाले. या संगणकांना रिले म्हणतात. कोणी विद्यापीठातला अध्यापक, कोणी ग्रंथपाल, कोणी हौशी तंत्रज्ञ, असे लोक पदरमोड करून ते चालवितात.

या आडोशाचा लाभ सज्जनांबरोबर दुर्जनही घेतात, हे खरे आहे, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले आहेत. तो वाद येथे आमचा विषय नव्हे. एवढे मात्र ध्यानात ठेवावयास हवे की, आपल्या राज्यकर्त्यांच्या नजरेआड बातमी पाठविणारा पत्रकार असो, की घरातील जाचातून सुटण्याचा मार्ग शोधणारी स्त्री असो, जो कोणी या मार्गाने जातो तो तीन अनोळखी माणसांच्या दक्षतेवर आपला जीव टाकून जातो. त्या तिघांचे नावही त्याला ठाऊक नसते. त्यांपैकी एखाद्याने आपला रांजण वर्षभर घासलेला नसेल, तर ते त्याला कळावे कसे?

सॉफ्टवेअर शिळे होते, म्हणजे नेमके काय होते? लोखंड गंजते तशी आज्ञावली गंजत नाही. दहा वर्षांपूर्वीचे तिचे अक्षर न् अक्षर आजही तसेच असते. पालटते ते तिच्याविषयीचे जगाचे ज्ञान. काल जे दार भिंत वाटत होते, ते दार आहे हे आज कोणाच्या तरी लक्षात येते. ते बुजविण्यासाठी नवी आवृत्ती निघते. आणि नवी आवृत्ती निघताच जुन्या आवृत्तीतील दार कोठे आहे, याची दवंडीही पिटली जाते. कालपर्यंत जे एखाद्या चाणाक्ष चोरालाच ठाऊक होते, ते आता सगळ्या चोरांना ठाऊक होते. म्हणजे जो चालक काहीच करीत नाही, तो आहे तेथेच राहत नाही. तो दर दिवसागणिक अधिक धोक्याचा होत जातो. आमच्या आधीच्या पिढीतील कारकुनांना हे चटकन उमगेल. नियमांच्या पुस्तकात शुद्धिपत्रांच्या चिठ्ठ्या डकविण्याचे कंटाळवाणे काम त्यांनी जन्मभर केले. ज्या प्रतीत चिठ्ठ्या डकविलेल्या नाहीत, ती प्रत दिसण्यात कोरी करकरीत असे, परंतु तिच्या आधारे कोणाच्या निवृत्तिवेतनाचा हिशोब केला, तर एखाद्या म्हाताऱ्याच्या पोटावर पाय येत असे. पुस्तक खोटे झालेले नसते. त्याच्याभोवतीचा नियम पालटलेला असतो.

या जाळ्याला पहिला मोठा धडा १३ मे २००८ रोजी मिळाला. डेबियन नावाची एक संगणक-प्रणाली आहे. तीही स्वयंसेवकांनीच घडविलेली. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्या एका देखभालकर्त्याने गुप्तलेखनाच्या आज्ञावलीतील एकदोन ओळी अनावश्यक समजून वगळल्या. तपासणीच्या एका साधनाने त्या ओळींविषयी इशारे दिले होते, एवढेच निमित्त. परंतु त्या ओळींमुळेच सांकेतिक किल्ल्यांत यदृच्छा येत होती. त्या गेल्यावर अगणित किल्ल्यांऐवजी एकेका प्रकारच्या ३२ हजारांच्या आसपासच किल्ल्या तयार होऊ लागल्या. कुलपे लाखो, परंतु किल्ल्यांचा जुडगा मोजून आणता येईल एवढाच. लुचानो बेलो यांनी ही चूक शोधून काढीपर्यंत वीस महिने उलटले होते. टॉरच्या अनेक रिलेंच्या किल्ल्या या प्रकारे कच्च्या निघाल्या. इतकेच नव्हे, तर साऱ्या रिलेंची यादी प्रमाणित करणाऱ्या मोजक्या संगणकांपैकी काहींच्याही तशाच निघाल्या. परिणामी ज्यांनी डेबियन कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते, अशा लोकांनाही नवी आवृत्ती घेण्याची विनंती करावी लागली; कारण खरी यादी ओळखण्याची खूण त्यांच्या जुन्या आवृत्तीत बसविलेली होती, आणि ती खूणच आता भरवशाची राहिली नव्हती. शेजाऱ्याच्या चुकीसाठी आपले कुलूप बदलणे भाग पडते, ही सामुदायिक जीवनाची रीत त्या वेळी प्रथम प्रत्ययास आली.

दुसरा धडा २०१३ चा. त्या वर्षीच्या ऑगस्टात टॉर वापरणाऱ्यांची संख्या एकाएकी फुगू लागली आणि दहा लाखांच्या आतबाहेर असलेला आकडा काही आठवड्यांत पन्नास लाखांवर गेला. ही माणसे नव्हती. एका दुष्ट आज्ञावलीने लक्षावधी घरगुती संगणकांत शिरून, धन्याच्या नकळत, त्यांना टॉरच्या दाराशी उभे केले होते. रिले नुसत्या ओळखपाळखीच्या गणितानेच थकून गेले. सुदैवाने टॉरच्या ०.२.४ या नव्या मालिकेत ओळख पटविण्याची एक हलकी व अधिक सुरक्षित रीत आली होती. ज्या चालकांनी ती मालिका घेतली, त्यांचे रिले नव्या रीतीने येणाऱ्यांस आधी वाट देऊ लागले. घुसखोरांची आवृत्ती जुनी होती. त्यामुळे ते मागे पडले व प्रामाणिक वाटसरूंना श्वास घेता आला. अद्ययावत राहणे म्हणजे निव्वळ भोके बुजविणे नव्हे. पुरात होडी चालविण्याचे बळही त्यातूनच येते, हे त्या वेळी दिसून आले.

या प्रकरणाचे एक शेपूट आहे व ते विचार करावयास लावणारे आहे. घुसखोर आज्ञावली साफ झाली, तरी तिने मागे ठेवलेले टॉर जुन्या आवृत्तीत तसेच चालू राही. त्यापासून धोका होता, म्हणून मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या सुरक्षा-साधनांच्या द्वारे ते दुरूनच काढून टाकण्यास आरंभ केला, आणि सुमारे वीस लाख संगणकांतून ते गेल्याचा अंदाज जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काम चांगलेच झाले. परंतु ज्या हाताला वीस लाख घरांतील केर एका रात्रीत काढता येतो, त्या हाताला त्या घरांतील दुसरेही काही काढता येईल, ही शंकाही अनेकांच्या मनात आली.

मग टॉर प्रकल्पानेही हाच मार्ग का धरू नये? केंद्रातून एक कळ दाबली की सहा हजार रिले अद्ययावत, अशी सोय करणे तंत्रदृष्ट्या अशक्य नाही. आमच्यासारख्या परिपत्रकांवर पोसलेल्या माणसाला तोच मार्ग प्रथम सुचेल. परंतु कोणा एकाला सर्व ठाऊक असू नये, हा या जाळ्याचा पायाच आहे. अशी कळ अस्तित्वात आली, की तिच्या मालकाला धमकावून, फितवून अथवा फसवून सारे जाळे एका क्षणात ताब्यात घेता येईल. म्हणून रिलेचा चालक आपल्या यंत्राचा धनी राहतो. नवी आवृत्ती त्याने आपल्या हाताने घ्यावयाची, अथवा आपल्याच यंत्रास ती आपोआप घेण्यास सांगून ठेवावयाची. स्वातंत्र्य जपावयाचे तर आळसाचा धोकाही पत्करावा लागतो, अशी ही कठीण गाठ आहे.

ही गाठ ७ एप्रिल २०१४ रोजी फारच आवळली गेली. ओपन-एसएसएल या गुप्तलेखनाच्या आज्ञावलीत दोन वर्षे दडून राहिलेला हार्टब्लीड नावाचा दोष त्या दिवशी उघड झाला. तो गूगलमधील नील मेहता यांना व फिनलंडमधील कोडेनोमिकॉन या कंपनीच्या लोकांना स्वतंत्रपणे सापडला होता. या दोषामुळे कोणाही परक्याला दुसऱ्या संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका खेपेस मागून घेता येई, आणि अशा खेपा हव्या तितक्या करता येत. त्या तुकड्यात परवलीचे शब्द असत, कधी किल्ल्याही असत. निम्मे जग ज्या आज्ञावलीवर विसंबून होते, तिच्यासाठी पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच असून तिला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर एवढीच देणगी मिळत असे, ही गोष्टही त्याच वेळी बाहेर आली. पाणपोईच्या पाण्याची स्तुती सर्वांनी केली होती. विहिरीची डागडुजी कोण करतो, हे कोणी विचारले नव्हते.

टॉरच्या चालकांना विनंतीपत्रे गेली. पुष्कळांनी तत्परतेने दुरुस्ती केली व जुन्या किल्ल्या टाकून नव्या घडविल्या. काही मात्र निजूनच राहिले. तेव्हा डिंगलडाइन यांनी सुमारे ३८० रिलेंच्या किल्ल्या नाकारण्याची यादी काढली. जाळ्यातून बाहेर पडण्याच्या वाटांची जवळजवळ बारा टक्के क्षमता त्यामुळे गमवावी लागणार होती, हे माहीत असून ती काढली. त्या वेळी त्यांनी केलेला एक विचार आम्हांस मोठा मार्मिक वाटतो. त्या रिलेंची पात्रता तेवढी काढून घेऊन त्यांना निरुपद्रवी करून ठेवता आले असते. परंतु सरळ नाकारले, तर त्यांच्या यंत्राच्या नोंदवहीत तशी सूचना उमटेल आणि चालकाला निदान कळेल तरी, असा तो विचार. शिक्षा करावयाची तीही अशी की जिला करावयाची तिलाच जाग यावी.

त्याच वर्षाच्या जुलैत आणखी एक प्रकार उघडकीस आला. ३० जानेवारीस ११५ रिले स्वयंसेवेचा बुरखा पांघरून जाळ्यात शिरले होते व संदेशांवर खुणा करून वापरणाऱ्यांचा माग काढण्याचा प्रयत्न करीत होते. ४ जुलैस त्यांना हुसकून देण्यात आले. त्यांनी वापरलेली फट बुजविणाऱ्या नव्या आवृत्त्या निघाल्या. परंतु ती फट बुजली केव्हा? आवृत्ती निघाली तेव्हा नव्हे; हजारो प्रामाणिक चालकांनी आपापल्या घरी ती बसविली तेव्हा. औषध दुकानात आले म्हणून साथ हटत नसते.

या अनुभवांतून हळूहळू एक रीत घडत गेली. तिचा पहिला भाग आर्जवाचा. प्रत्येक रिले आपण कोणत्या आवृत्तीवर चालतो हे जाहीर करतो, आणि सध्या कोणत्या आवृत्त्या ग्राह्य आहेत, याची यादी निर्देशिका सांभाळणारे संगणक एकमताने प्रसिद्ध करतात. जुनी आवृत्ती असेल, तर यंत्र आपल्या नोंदवहीत स्वतःच कुरकुर करते. एके काळी टॉर-वेदर नावाची सेवा होती. ती रिले बंद पडला अथवा शिळा झाला की चालकाला टपाल धाडी. तीच सेवा, वेगवान रिले दोन महिने नेकीने चालविला की ‘तुम्ही एका सदऱ्याचे मानकरी झालात’ हेही कळवीत असे. सदऱ्याची किंमत ती काय! परंतु ज्याला वेतन नाही, त्याला आपली कोणी दखल घेते एवढे कळले, तरी पुढच्या वेळी रांजण घासण्यास हात उचलतो.

रीतीचा दुसरा भाग वगळण्याचा. ८ ऑक्टोबर २०१९ रोजी टॉर प्रकल्पाने जाहीर केले की, ज्यांची मुदत संपली आहे अशा आवृत्त्यांवर चालणारे आठशेहून अधिक रिले यापुढे स्वीकारले जाणार नाहीत. सहा हजारांवर रिलेंपैकी हे साडेतेरा टक्के होते. त्याआधी कित्येक आठवडे, ज्यांनी ज्यांनी आपला संपर्काचा पत्ता नोंदविला होता, त्या सर्वांना पत्रे पाठविण्यात आली होती. यात ‘ज्यांनी नोंदविला होता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यांनी पत्ता दिलाच नव्हता, त्यांना आर्जव तरी कोठे करावयाचे? अशा जाळ्यात कोणाचा चालक नोकरी बदलून जातो, कोणाचा उत्साह ओसरतो, आणि यंत्र मात्र कोठल्या तरी कपाटात गुणगुणत राहते. कोणाच्या तरी सदिच्छेचे ते भूत असते. ते बंद करावयास कोणी जवळ नसते आणि त्याची काळजी वाहणाराही कोणी नसतो. त्याच्यावरून जाणारा वाटसरू मात्र जिवंत असतो.

आठशे रिले गमावणे ही लहान गोष्ट नव्हे. जाळे जितके मोठे व जितके पांगलेले, तितका आडोसा दाट. म्हणून प्रत्येक गेलेला रिले हा तोटाच. शिवाय ज्याने वर्षानुवर्षे फुकट सेवा केली, त्याच्या तोंडावर दार लावणे हे मनालाही रुचत नाही. तरीही तो निर्णय योग्य होता, असे आमचे मत आहे. दानाचे मोल दात्याच्या त्यागावरून ठरविण्याची आपल्याला सवय आहे. परंतु घेणाऱ्याचा जीव जेथे त्या दानावर अवलंबून असतो, तेथे मोल घेणाऱ्याच्या बाजूने ठरवावे लागते. तेथे ‘मी फुकट करतो, म्हणून माझ्या मर्जीने करीन’ हे म्हणणे टिकत नाही. टॉरच्या चालकांनी हुकूम न सोडता, आधी कळवून, पुन्हा कळवून, वाट सोपी करून देऊन, आणि अखेर दार लावूनही नवी आवृत्ती घेऊन येणाऱ्यास परत येण्याची मुभा ठेवून जे साधले, ते पुष्कळ सरकारांनाही साधलेले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आमच्या वाचकांना हा इतिहास परका वाटू नये. बदलीच्या गावी मराठी मंडळ, त्याचे ग्रंथालय, गणेशोत्सव हे सारे स्वयंसेवेवरच उभे असते. हल्ली त्यात मंडळाचे संकेतस्थळ व सभासदांच्या नावा-पत्त्यांची संगणकीय नोंदही आली आहे. एखादा हौशी चिटणीस ते मोठ्या उमेदीने उभारतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच्या हाती बदलीचा हुकूम पडतो. समारंभपूर्वक नारळ, शाल व निरोप दिला जातो. परवलीचा शब्द मात्र त्याच्याबरोबर गुवाहाटीला नाहीतर कोचीला जातो. मग शेकडो कुटुंबांचे दूरध्वनी क्रमांक व पत्ते अशा यंत्रात पडून राहतात, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही. म्हणून मंडळाचा कार्यभार सोपविताना जमाखर्चाच्या वहीबरोबर आणखी तीन गोष्टी लेखी सोपवाव्यात, अशी आमची सूचना आहे : हे यंत्र कोण सांभाळणार, नव्या आवृत्तीची सूचना कोणाच्या पत्त्यावर येणार, आणि सांभाळणारा कोणीच न मिळाल्यास ते कोणत्या तारखेस बंद करावयाचे. यांतील तिसरी गोष्ट लिहिताना जीवावर येईल. तरी ती लिहावीच; कारण ज्याची निगा कोणी राखत नाही, ते मिटवून टाकणे हीही सेवाच आहे.